आधी मालकाची परीक्षा

कलाशाळेतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना पोटापाण्याचे काम मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. तिच्यावर सुचवला जाणारा उपाय मात्र नवा आहे. चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला व डिझाइन या विषयांच्या पदवीधरांसाठी नोकरी शोधून देणारे एक स्वतंत्र अ‍ॅप असावे, अशी सूचना आता कलाशाळांतून, सभासंमेलनांतून व पालकांच्या तोंडूनही ऐकू येते. सूचना करणाऱ्यांचा हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. तथापि हेतू चांगला असला म्हणजे वस्तू चांगली होते, असे नव्हे. त्या अ‍ॅपात कोणी कोणाला प्रश्न विचारायचे आणि उत्तर न देण्याची मुभा कोणाला ठेवायची, यावरच ते कलावंताच्या कामी येईल की त्याच्या गळ्यातला नवा फास होईल, हे ठरणार आहे. आमचे म्हणणे एकच आहे व ते आम्ही प्रारंभीच मांडून ठेवतो. आज प्रचारात असलेली अशी साधने उमेदवाराची कसून परीक्षा घेतात आणि मालकाला मोकळे सोडतात. कलावंतांसाठी जे अ‍ॅप रचायचे, त्याने हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी मालकाची परीक्षा, मग उमेदवाराची.

चित्रकाराच्या बाबतीत प्रचलित क्रम विशेष अन्यायाचा का ठरतो, ते पाहू. हिशेबनिसाला किंवा वकिलाला आपली योग्यता शब्दांत सांगावी लागते, कारण दुसऱ्याच्या वह्या किंवा अशिलाची कागदपत्रे कोणापुढे पसरून ठेवता येत नाहीत. चित्रकाराचे तसे नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला, ही म्हण ज्याला अक्षरशः लागू पडते तो हाच धंदा होय. तरीही सर्वसाधारण नोकरी-अ‍ॅप त्याच्यापुढे तोच छापील नमुना सरकवते. नाव, आडनाव, पदवी, टक्के, किती वर्षांचा अनुभव आणि कोणकोणती संगणक-प्रणाली येते, एवढे सारे विचारून झाल्यावर शेवटच्या रकान्यात चित्रांसाठी एक दुवा टाकण्याची जागा असते. दुव्यापर्यंत माणसाची नजर पोचण्याआधी बहुधा यंत्र शब्द जुळवून पाहते. जाहिरातीतला शब्द अर्जात सापडला नाही की अर्ज मागे पडतो. ज्या मुलीने चार वर्षे देवनागरी अक्षर घोटले तिने 'टायपोग्राफी' हा शब्द लिहिला नाही, म्हणून ती खाली जाते. आणि ज्याने तो शब्द पाच वेळा लिहिला पण एक अक्षर धड वळवले नाही, तो वर चढतो. परीक्षा हाताची व्हावयाची, ती होते शब्दांची; आणि तीही इंग्रजी शब्दांची. काणकोणच्या, खानापूरच्या किंवा देवासच्या मुलाचा कुंचला कितीही बोलका असो, अर्ज मुका ठरला की तो संपला.

पूर्वी ही परीक्षा कशी होत असे? इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी 1927 मध्ये कलाशाळा उभी केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले नारायण श्रीधर बेंद्रे पुढे वडोदऱ्यास गेले आणि 1950 मध्ये निघालेल्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिरात रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार घडले. गोव्याच्या मातीतून मुंबईस गेलेले दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर यांनी मुखपृष्ठे, दिवाळी अंक व दिनदर्शिका यांतून मराठी घरांच्या भिंती आणि फडताळे भरून टाकली. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरातील देवांना मुळगावकरांच्याच कुंचल्याने रूप दिले आहे. या सर्वांना काम मिळाले ते काम पाहून. गुरूने पाहिले, प्रकाशकाने पाहिले, छापखान्याच्या मालकाने पाहिले आणि मग बोलणे झाले.

परंतु त्या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गाणार नाही. जो गुरूच्या दारापर्यंत पोचला त्याचे भले झाले. जो पोचला नाही त्याचे नाव आज आपल्याला ठाऊकही नाही. ओळख, गाव, आडनाव आणि वशिला या चार खांबांवर ती उभी होती. अ‍ॅपाचे खरे समर्थन येथेच आहे. काम पाहून माणूस निवडण्याची जुनी रीत ठेवावी, पण ते काम दाखवण्यासाठी कोणाच्या ओसरीवर ताटकळण्याची गरज उरू नये, एवढे जरी त्याने साधले तरी त्याचे पांग फिटतील. दुर्दैव असे की, आजची साधने काम पाहण्याची चांगली रीत टाकून देतात आणि आडनाव पाहण्याची वाईट रीत तेवढी जपून ठेवतात.

डिझाइन कसे करावे याचा धडा आपल्या घरातच पडलेला आहे. 1958 मध्ये चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्याच अहवालातून प्रेरणा घेऊन 1961 मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची वाखाणणी केली आहे. असा लोटा नव्याने घडवायचा झाला तर काय काय विचारावे लागेल, याची त्यांनी यादीच दिली आहे. तो डोक्यावर राहतो की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा सांभाळतो, धार कशी पडते, आतून घासता येतो का, त्याची किंमत काय, असे ते प्रश्न आहेत. प्रश्न सारे वापरणाऱ्याच्या बाजूचे आहेत. नोकरीचे अ‍ॅप रचणाऱ्याने हेच प्रश्न नव्या वेषात विचारले पाहिजेत. हे अ‍ॅप कोणाच्या हातात राहणार आहे? त्याच्याजवळचा फोन किती जुना आहे, नेट किती मंद आहे? चित्र वर चढवताना त्याचा रंग मरतो का? चौघांनी मिळून केलेल्या भित्तिचित्रात कोणी काय केले, ते लिहायला जागा आहे का? शिल्पाला चारी बाजू असतात, त्या दाखवता येतात का? मराठीत किंवा कोंकणीत दोन ओळी लिहिल्या तर त्या वाचल्या जातील का? हे न विचारता जो सुबक रंगांचे पडदे रचत बसतो, तो तळाला भोक असलेल्या लोट्यावर नक्षी काढतो.

आता आमच्या मागण्या क्रमाने सांगतो.

पहिली मागणी अशी की, काम आधी दिसावे आणि नाव मागाहून. आडनाव वाचले की गाव, जात, कुळाचे देवस्थान हे सारे क्षणार्धात समजते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. मालकाने प्रथम चित्रे पाहावीत, पसंत पडल्यास भेटीस बोलवावे आणि तेव्हाच त्याला नाव, छायाचित्र व पत्ता दिसावा. मुलगी आहे म्हणून रात्रीच्या कामाला नको, अमक्या जातीचा आहे म्हणून देवळाच्या कामाला नको, हे मनात येण्याआधी निदान तिची रेघ तरी पाहिली जाईल.

दुसरी मागणी अशी की, वेतनाचा आकडा लिहिल्याशिवाय जागेची जाहिरात स्वीकारूच नये. 'वेतन योग्यतेनुसार' हे दोन शब्द म्हणजे मालकाने स्वतःला दिलेला अभयलेख होय. ही काही क्रांतिकारक कल्पना नव्हे. रिकाम्या जागा रोजगार कार्यालयास कळवण्यासंबंधी 1959 मध्ये जो कायदा झाला, आणि जो आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, त्याखालच्या नियमांत जागा कळवताना वेतन व भत्ते यांचा तपशील देणे अपेक्षित होते. टंकलेखन यंत्राच्या काळात जे कागदाच्या फॉर्मवर मावत होते, ते आजच्या पडद्यावर मावत नाही, असे कोण म्हणेल?

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे, ती 'नमुना-कामा'विषयी. नोकरी मागायला आलेल्या मुलाला सांगतात, आमच्या नव्या दुकानासाठी एक बोधचिन्ह करून दाखव, तीन वेष्टनांची रेखाटने आण, मग पाहू. तो रात्री जागून ते करतो. नोकरी मिळत नाही, उत्तरही येत नाही. आणि काही महिन्यांनी त्याच चिन्हाची धाकटी बहीण दुकानाच्या पाटीवर झळकते. या प्रकाराला परीक्षा म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. याला मराठीत वेठ हा शब्द आहे.

या वेठीविरुद्ध कायदा मुका नाही, हे कलापदवीधरांनी नीट ध्यानी धरावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 अन्वये कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. याला अपवाद आहेत. नोकरीच्या करारान्वये नोकरीत असताना केलेले काम, किंवा कोणी मोबदला देऊन काढवून घेतलेले चित्र, यांची मालकी उलट करार नसल्यास दुसऱ्याकडे जाते. परंतु ज्याला नोकरीही दिली नाही आणि मोबदलाही दिला नाही, त्याच्या नमुना-कामाला हे अपवाद कसे लागू पडतील? मालकी हस्तांतरित करावयाची झाल्यास कलम 19 प्रमाणे लेखी व स्वाक्षरीचा दस्त लागतो; त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षांची धरली जाते. शिवाय 1872 च्या करार कायद्याच्या कलम 70 चे तत्त्व असे की, फुकट करण्याचा उद्देश नसताना एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले व दुसऱ्याने त्याचा लाभ उपभोगला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे. नमुना म्हणून मागितलेले काम ज्याने पाटीवर चढवले, त्याला हा प्रश्न न्यायालयात विचारता येण्याजोगा आहे.

मग अ‍ॅपाने काय करावे? नमुना-कामाला तासांची मर्यादा घालावी, त्याचा मोबदला आधी लिहून घ्यावा आणि काम हाती येण्यापूर्वी ती रक्कम ठेव म्हणून घ्यावी. नोकरी दिली नाही तरी मोबदला चुकता करावा. ज्याला फुकट पाहायचे आहे त्याने उमेदवाराची आधीची कामे पाहावीत. ती त्यासाठीच तर मांडून ठेवलेली आहेत. प्रत्येक कृती वर चढवताना अ‍ॅपाने तारीख-वेळेची पोच द्यावी व मूळ नोंद जपून ठेवावी. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणताना प्रमाणपत्र लागते. ते देण्याची जबाबदारी अ‍ॅप चालवणाऱ्याने पत्करावी. ज्याच्या खिशात वकिलाची फी नाही, त्याच्या खिशात निदान पुरावा तरी असू द्या.

चौथी मागणी अशी की, अ‍ॅपाचा खर्च मालकांनी सोसावा. उमेदवाराकडून एक पैसाही घेऊ नये आणि पैसे भरणाऱ्याचा अर्ज वर दाखवण्याचा बाजार तर मुळीच मांडू नये. वर चढवलेली चित्रे कर्त्याच्या स्पष्ट, स्वतंत्र व कधीही मागे घेता येणाऱ्या संमतीवाचून कोणत्याही चित्र-निर्मिती यंत्राला शिकवण्यासाठी देऊ नयेत. 'मला मान्य आहे' या एका बटणाखाली वीस पानांचे बारीक अक्षर दडवणे, ही संमती नव्हे. मुलांची चित्रे नोकरीच्या आशेने गोळा करायची आणि त्यांच्याच पोटावर पाय आणणाऱ्या यंत्राला चारायची, हा व्यवहार कोणत्या नीतीत बसतो?

पाचवी मागणी अशी की, अर्जाला ठरलेल्या मुदतीत होकार किंवा नकार मिळालाच पाहिजे. जो मालक तो देत नाही, त्याच्या नावापुढे तसे दिसले पाहिजे. उमेदवाराच्या नावापुढे टक्के दिसतात ना? मग मालकाच्या नावापुढे त्याने किती जणांना उत्तर दिले, किती जणांचा मोबदला वेळेवर दिला, हेही दिसू द्या. जे तरुण नोकरीऐवजी सुटी कामे घेतात, त्यांच्यासाठी तर हे फारच अगत्याचे आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचा मोबदला, करार काहीही असो, 45 दिवसांहून अधिक काळ थांबवता येत नाही आणि थांबवल्यास व्याज द्यावे लागते. ही नोंदणी कशी करावी, ते अ‍ॅपाने मराठीत व कोंकणीत समजावून सांगावे.

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा की, इतक्या अटी घातल्या तर मालक येणारच नाहीत. जो वेतन सांगायला तयार नाही आणि कामाचे पैसे द्यायला तयार नाही, तो न आल्याने काम शोधणाऱ्याचे नक्की काय बुडते? बाजारात खोटे नाणे कमी झाले म्हणून कोणी रडत नाही. शंभर फसव्या जागांपेक्षा दहा खऱ्या जागा दाखवणारे अ‍ॅप अधिक उपयोगी होय. दुसरा आक्षेप असा की, कलावंताने स्वतःला विकायला शिकले पाहिजे. विकायला शिकावे, यात वाद नाही; परंतु विकणे म्हणजे किंमत सांगून माल देणे. किंमत न ठरवता माल देणे याला विक्री म्हणत नाहीत. तिसरा आक्षेप असा की, हे सारे न्यायालयाचे काम आहे, अ‍ॅपाचे नव्हे. येथे आम्ही एका निकालाची आठवण देतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले प्रचंड कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवण्यात आले व त्याची हेळसांड झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये निकाल दिला. कृती विकली गेली तरी तिच्या अखंडतेविषयीचा कर्त्याचा हक्क कलम 57 खाली शाबूत राहतो, असे ठरले. शिल्पाचे अवशेष परत करण्याचा व 5 लाख रुपये भरपाईचा हुकूम झाला. निकाल थोर आहे. पण 1979 आणि 2005 यांतील अंतर मोजा. ख्यातनाम शिल्पकाराला इतका काळ लागला, तर पहिल्या नोकरीसाठी धडपडणाऱ्या मुलाला न्यायालयाचा दरवाजा दाखवणे ही थट्टा आहे. जो अन्याय फॉर्ममध्ये एक रकाना सक्तीचा करून टळतो, त्यासाठी दावा का लावावा लागावा?

येथवर जे लिहिले ते वाचून आपल्यापैकी अनेकांनी मान डोलावली असेल. कारण यातला मालक म्हणजे मुंबईची किंवा बंगळूरची कोणी कंपनी, असे त्यांनी धरले असेल. तसे नाही. आपल्या देवस्थान समित्या, उत्सव मंडळे व संस्था याही मालकच आहेत. नवरात्रातले मखर, जत्रेची कमान, शिगम्याचा चित्ररथ, रथाचे रंगकाम, नाटकाचा पडदा, जीर्णोद्धाराची स्मरणिका, तिचे मुखपृष्ठ ही सारी कलावंताची कामे आहेत, आणि वर्षानुवर्षे नेमाने निघणारी कामे आहेत. पणजीचे कला महाविद्यालय 1972 पासून पदवीधर घडवीत आहे. त्यांतल्या किती जणांना आपल्या देवळाने रीतसर बोलावून, रक्कम लिहून काम दिले, याचा हिशेब प्रत्येक समितीने आपल्याच कीर्दखतावणीत पाहावा. मांडवकऱ्याचे बिल दिले जाते, विजेच्या रोषणाईचे दिले जाते, ध्वनिक्षेपकाचे दिले जाते. आणि मखर रंगवणाऱ्या मुलाला नारळ, शाल व 'देवाची सेवा घडली' हे वाक्य दिले जाते.

सेवा या शब्दाचा मान आम्हांस कोणापेक्षा कमी नाही. परंतु सेवा ती, जी सेवेकरी आपणहून देतो. दुसऱ्याने मागून घेतलेली, नाही म्हटल्यास गावात बोल लागेल या भीतीने दिलेली मेहनत ही सेवा नव्हे. आपल्या पूर्वजांना हा भेद कळत होता. देवळातील वाजंत्री, फुलकार, दिवटीवाला यांचा वाटा व मान बांधलेला असे. देवाच्या दारी काम करणाऱ्याचे पोट देवाच्या उत्पन्नातून भरावे, हे त्या व्यवस्थेत गृहीत होते. त्या व्यवस्थेतील जन्मजात उच्चनीचता आम्हांस नको. काम ठरलेले आणि मोबदलाही ठरलेला, हे तिचे शहाणपण तेवढे हवे.

या उदासीनतेची किंमत आपण मोजली आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडी काव चढवून, ती ओली असताना खरवडून पांढऱ्या रेषांत फुलवेली व देवदेवता उमटवण्याची कावी कला गोवा, कारवार व दक्षिण कोकण या पट्ट्यातील देवळांचे भूषण होती. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कित्येक ठिकाणी त्या भिंती पडल्या व त्यांवर चकचकीत फरश्या आल्या. फरशी बसवणाऱ्याला दर होता. कावी जाणणाऱ्याला दर नव्हता. ज्या विद्येला दर नाही ती विद्या मुलगा बापाकडून घेत नाही. मग पन्नास वर्षांनी आपण परिसंवाद भरवतो आणि कला लोप पावल्याबद्दल हळहळतो.

म्हणून अ‍ॅप कोणी, केव्हा बांधील याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यातील प्रत्येक अट आजही कागदावर पाळता येते. येत्या चवथीच्या किंवा जत्रेच्या सभेत समितीने ठराव करावा : मखराचे, कमानीचे, स्मरणिकेचे काम जाहीर सूचना लावून, रक्कम लिहून दिले जाईल, निवड नाव झाकून, कामे पाहून होईल, नमुना मागितल्यास त्याचे पैसे दिले जातील, कृतीवर कर्त्याचे नाव राहील, अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र बाब असेल. ज्याला सेवा म्हणून द्यायचे असेल त्याने पैसे हातात घेऊन ते फंडपेटीत टाकावेत. पावती त्याच्या नावाची फाडावी. ज्या दिवशी आपली देवळे अशी मालक होतील, त्या दिवशी अ‍ॅप रचणाऱ्यांना 'मालक कसा असावा' हे विचारायला दूर जावे लागणार नाही, आणि आपण त्यांच्यापुढे ज्या अटी ठेवू त्यांना नाही म्हणण्याचे तोंड कोणाला उरणार नाही.